गॅसवरची लोहारभट्टी

लोहाराच्या भट्टीला तीन गोष्टी लागतात. कोळसा लागतो, वारा लागतो आणि वारा घालायला माणूस लागतो. कोळसा म्हणजे लाकडाचा, लोणारी कोळसा. पूर्वी तो जवळच्या रानातून मिळे. आता बहुतेक गावांजवळ तसे रान उरले नाही. कोळसा पोत्याने विकत आणावा लागतो, आणि पोत्याच्या तळाशी चुराच फार निघतो. वारा घालायचे काम बहुधा पोरांकडे येते. फिरत्या घिसाडी कुटुंबात तर बाप सांडशीने लोखंड धरतो, आई घण मारते आणि पोर भाता ओढते. पुष्कळ ठिकाणी आता भात्याच्या जागी हाताने फिरवायचा पंखा आला आहे. कोठे कोठे विजेचा पंखा आहे. पण वीज गेली, की पुन्हा पोरालाच हाक!

कोळसा नको, भाता नको, पंखाही नको, अशी एक भट्टी असते. ती गॅसवर चालते. स्वयंपाकघरात जळतो तोच हा गॅस. ही भट्टी कशी चालते, तिची पेटी आपल्या हाताने कशी करावी आणि तिच्यात जिवाला धोका कोठे आहे, ते आम्ही येथे सांगणार आहोत. धोक्याचे थोडे पुढे सांगू. कारण भट्टी कशी चालते हे कळल्याशिवाय धोका कोठे लपला आहे ते कळत नाही.

आपल्या देशात हा गॅस १९५५ साली मुंबईत आला. खेड्यांत यायला त्याला फार वर्षे लागली. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली, तेव्हापासून गावोगाव टाक्या दिसू लागल्या. म्हणून गॅस आता कोणाला नवा नाही. भट्टी मात्र नवी आहे.

शेगडीवर लोखंड का तापत नाही?

घरच्या शेगडीवर विळ्याचे पाते धरून पाहा. ते काळे पडेल. फार तर कडेला थोडे लाल होईल. पण घण मारावा इतके मऊ होणार नाही. असे का? गॅस तोच आणि जाळही तोच ना?

जाळ तोच, पण त्याची ऊब चारी दिशांना पळून जाते. थंडीत आपण गोधडी घेतो. गोधडीत काही आग नसते. ती आपल्याच अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. भट्टीचेही तसेच आहे. जाळाला गोधडी पांघरली, की तीच ऊब आत साचत जाते. पेटीच्या भिंती लाल होतात, मग पिवळ्या होतात. मग लोखंड नुसते जाळाने तापत नाही, चारी बाजूंच्या भिंतीही त्याला तापवतात. चांगल्या गॅसभट्टीत १२०० अंशांपर्यंत उष्णता चढते. लोखंड ठोकायला ९०० ते ११०० अंश पुरतात.

तेव्हा पहिली गोष्ट झाली गोधडी. दुसरी गोष्ट वारा.

पंख्याशिवाय वारा कोठून येतो?

गॅस एकटा जळत नाही. एक भाग गॅस पुरता जळायला पंचवीस ते तीस भाग हवा लागते. म्हणजे या भट्टीत गॅस थोडा आणि हवाच फार. तिला गॅसभट्टी म्हणण्यापेक्षा हवाभट्टी म्हटले तरी चालेल!

एवढी हवा आत कोण ढकलते? गॅसच ढकलतो. रस्त्याने एस. टी. जोरात गेली, की धूळ आणि पाचोळा तिच्यामागे धावतो, हे तुम्ही पाहिले आहे. पळणारी वस्तू भोवतालची हवा आपल्याबरोबर ओढत नेते. बर्नरमध्ये हेच होते. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून गॅस फार वेगाने सुटतो. तो एका नळीच्या तोंडात शिरतो आणि शिरताना भोवतालची हवा ओढून नेतो. नळीतून जाताजाता दोन्ही मिसळतात. नळीच्या दुसऱ्या टोकाला ते मिश्रण जळते.

घरच्या शेगडीतही हीच युक्ती आहे. बटणाच्या मागे, नळीच्या तोंडाशी हवा शिरायला जागा ठेवलेली असते. ती जागा झुरळांनी किंवा खरकट्याने बुजली, की जाळ पिवळा होतो आणि भांडी काळी पडतात. बाई म्हणते, गॅस खराब आला. गॅस चांगलाच असतो. त्याला हवा मिळत नाही.

मात्र शेगडीला गॅस फार मंद दाबाने येतो. भट्टीला त्याच्या दहा ते वीसपट दाब लागतो. म्हणून घरचा रेग्युलेटर येथे उपयोगी नाही. मोठ्या दाबाचा, दाबाचा काटा असलेला रेग्युलेटर विकत आणावा लागतो.

कोणी विचारील, "आमच्याकडे गोबरगॅस आहे, त्याच्यावर चालंल का?" नाही चालणार. गोबरगॅसला दाब फारच थोडा असतो, त्यामुळे तो हवा ओढू शकत नाही. शिवाय त्यात दहातले चार भाग न जळणारा वायू असतो. तो गॅस भाकरीला चांगला.

पेटी कशी करावी

दहा इंच रुंद आणि एक फूट लांब असा लोखंडी नळाचा तुकडा घ्यावा. पत्रा वळवून जोडून घेतला तरी चालतो. पण तो जाड असावा, आणि त्याला जस्ताचा मुलामा नसावा. जस्त तापले की पांढरा धूर निघतो. तो धूर छातीत गेला, तर त्या रात्री थंडी वाजून ताप भरतो. गॅसची जुनी टाकी कापून पेटी करायचे काही लोकांच्या मनात येते. तसे मुळीच करू नये. टाकी कंपनीच्या मालकीची असते. शिवाय रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत गॅस उरलेला असतो. कापताना ठिणगी पडली, की ती फुटते.

आता गोधडी. भट्ट्यांसाठी पांढऱ्या लोकरीसारखे एक कापड मिळते. त्याला सिरॅमिकची लोकर म्हणतात. ती पांढऱ्या मातीपासून कारखान्यात करतात. ती एक इंच जाडीची घ्यावी आणि नळाच्या आतून तिचे दोन थर बसवावेत. म्हणजे आत सहा इंचांची पोकळी राहते. एका पाऊण इंची बर्नरला एवढीच पोकळी नीट तापवता येते. पोकळी मोठी केली, तर भट्टी लाल होऊन थांबते, पिवळी होत नाही. पुष्कळांना मोठी भट्टी असावी असे वाटते. आमचे मत वेगळे आहे. काम लहान असेल, तर भट्टीही लहानच बरी. ती लवकर तापते आणि गॅस कमी खाते.

ही लोकर दिसायला मऊ, पण तिची कुसे फार बारीक असतात. श्वासाबरोबर ती छातीत गेली, की तेथेच राहतात. म्हणून कापताना नाकातोंडाला चांगली जाळी किंवा मुखपट्टी बांधावी, हातमोजे घालावेत आणि काम उघड्यावर करावे. नुसता पंचा बांधून भागत नाही. लोकर उघडी ठेवून भट्टी चालवणे तर त्याहून वाईट. जाळाच्या झोताने तिची कुसे रोज उडत राहतात. म्हणून आतून तिच्यावर भट्टीच्या सिमेंटचा पाव ते अर्धा इंच लेप द्यावा. हे सिमेंट वेगळे असते. घर बांधायचे सिमेंट येथे चालत नाही. ते तापले की तडकते आणि त्याचे कपचे उडतात. नदीतले गोटेही कोठे बसवू नयेत. त्यांच्या पोटात पाणी असते. त्या पाण्याची वाफ झाली, की गोटा बॉम्बसारखा फुटतो. वाळू आणि प्लास्टर कालवून स्वस्तात अस्तर करतात, तेही थोड्याच दिवसांत भुसभुशीत होऊन गळते.

तळाला भट्टीची वीट घालावी. लोखंड तेथेच टेकते, आणि जोड देताना टाकलेला टाकणखार तेथेच सांडतो. वितळलेला टाकणखार लोकरीला खाऊन टाकतो. लोणी उन्हात जावे तशी लोकर जाते! वीट झिजली की बदलता येते.

पुढचे तोंड उघडे ठेवून त्याच्यापुढे दोन विटा उभ्या कराव्यात. त्या मागेपुढे सरकवून तोंड लहानमोठे करता येते. मागच्या बाजूला लहानशी खिडकी ठेवावी. लांब पहार तापवायची असेल, तर ती खिडकीतून आरपार जाते. दोन्ही बाजू पक्क्या बंद करू नयेत. जळालेला वायू बाहेर जायला वाट हवी. वाट नसली, तर बर्नर गुदमरतो.

लेप दिल्यावर भट्टी लगेच पेटवायची नाही. आठवडाभर सावलीत वाळू द्यावी. मग पहिल्या दिवशी अगदी बारीक जाळ, तोही थोडा वेळ. दुसऱ्या दिवशी जास्त. ओला लेप एकदम तापला, तर आतल्या वाफेने सुटून येतो. मडकी भाजणारा कुंभार जसा दमाने घेतो, तसेच येथे.

बर्नर

बर्नरचा मुख्य भाग म्हणजे पाऊण इंची काळ्या नळाचा सात-आठ इंचांचा तुकडा. त्याच्या मागच्या तोंडाला दीड इंचाचे रुंद तोंड जोडतात. हवा शिरते ती येथून. या रुंद तोंडात मधोमध गॅसची तोटी बसते. तोटीचे भोक एक मिलिमीटरहून किंचित लहान असते. वेल्डिंगच्या यंत्राची तांब्याची टिप त्यासाठी वापरतात, कारण तिचे भोक मोजून पाडलेले असते. तोटी नळाच्या अगदी मध्यावर रोखलेली हवी. ती थोडी जरी तिरपी झाली, तरी गॅस नळाच्या भिंतीवर आपटतो आणि हवा ओढली जात नाही.

पेटीच्या वरच्या बाजूने, थोडा तिरका असा बर्नर बसवावा. म्हणजे जाळ सरळ लोखंडावर न आदळता आत गोल फिरतो आणि सगळीकडे सारखा तापतो. बर्नरचे टोक अस्तराच्या आतच, अर्धा इंच मागे राहू द्यावे. पोकळीत बाहेर आले, तर टोकच जळून जाईल.

आमचा सल्ला असा, की पेटी घरी करावी आणि बर्नर तयार विकत घ्यावा. पेटी थोडी वाकडी झाली तर बिघडत नाही. बर्नर वाकडा झाला तर बिघडते. रेग्युलेटर, रबरी नळी आणि जाळ उलटा टाकीकडे जाऊ न देणारी झडप या तीन वस्तू तर विकतच घ्याव्यात. त्यांवर आय. एस. आय. ची खूण पाहावी. बागेला पाणी देण्याची नळी गॅसला कधीही लावू नये.

आणखी एक. घरगुती १४.२ किलोची टाकी धंद्याला वापरायला सरकारची मनाई आहे. धंद्यासाठी १९ किलोची टाकी मिळते. तीच आणावी. तिच्यातल्या गॅसला दर जास्त पडतो, हे खरे आहे. पण अपघात झाला, तर घरगुती टाकीवाल्याच्या पाठीशी कोणी उभे राहत नाही.

धोका कोठे आहे

धूर वर जातो, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक. त्यामुळे सुटलेला गॅसही वर जाईल, असे वाटते. तसे होत नाही. हा गॅस हवेपेक्षा दीड ते दोनपट जड आहे. तो पाण्यासारखा खाली वाहतो. खड्ड्यात, मोरीत, उतारावर जाऊन साचतो. आपल्याकडे लोहार जमिनीवर बसून काम करतो. ऐरण जमिनीत पुरलेली, भट्टी जमिनीलगत, काही ठिकाणी तर पाय सोडायला खड्डाही असतो. म्हणजे गॅस गळला, तर तो नेमका तेथे साचतो जेथे माणूस बसला आहे आणि जेथे विस्तव आहे. म्हणून गॅसची भट्टी जमिनीवर ठेवू नये. कमरेइतक्या उंच लोखंडी घोडीवर ठेवावी. लोहाराला उभे राहून काम करायची सवय नसते, पाठ थोडे दिवस कुरकुर करते. पण जवळचा खड्डा बुजवलाच पाहिजे.

टाकीत गॅस पातळ असतो. एक लिटर पातळ गॅस बाहेर आला, की त्याचे अडीचशे लिटर वायू होतात. शंभर भाग हवेत दोन भाग गॅस मिसळला, तरी ठिणगीने भडका होतो. हिशेब करून पाहा. एक लिटर गॅस सुटला, तर एक लहान खोली भरेल एवढी हवा स्फोटाला तयार होते. गॅसला मुद्दाम घाण वास घातलेला असतो, तो यासाठीच.

टाकी भट्टीपासून दहा फूट दूर, नेहमी उभी ठेवावी. आडवी केली, तर वायूऐवजी पातळ गॅस नळीत येतो आणि भट्टीच्या तोंडातून जाळाचा लोट निघतो. दर वेळी टाकी जोडल्यावर सांध्यांवर साबणाचा फेस लावावा. बुडबुडे आले, की गळती आहे. काडी ओढून गळती शोधणारे लोक आहेत. ते एकदाच शोधतात.

वास आला, तर टाकीचा कॉक बंद करावा, विस्तव विझवावा, विजेचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये, सगळ्यांनी बाहेर जावे. १९०६ हा फोन नंबर गॅसगळती कळवण्यासाठी आहे. तो भिंतीवर मोठ्या आकड्यांत लिहून ठेवा. फोन मात्र बाहेर, दूर जाऊन करावा.

दुसरा धोका वास नसलेला आहे. हवा कमी पडली, की अर्धवट जळलेला विषारी वायू तयार होतो. तो दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. पावसाळ्यात झड येते म्हणून दार-खिडक्या लावून भट्टी चालवली, तर डोके जड होते, गरगरते, मळमळते, आणि मग माणूस बसल्या जागी झोपी जातो तो उठत नाही. भट्टी चालवायची ती दोन बाजूंनी उघड्या छपरातच. डोके दुखू लागले, तर तपकीर ओढू नका, बाहेर जा.

पेटवणे आणि चालवणे

क्रम एकच आहे. आधी विस्तव, मग गॅस. तेलात भिजवलेला काकडा पेटवून लांब सळईने भट्टीत ठेवावा. आपण तोंडासमोर नव्हे, बाजूला उभे राहावे. मग कॉक हळूच उघडावा. उलट केले, म्हणजे आधी गॅस सोडून मग काडी शोधत बसले, तर पेटी गॅसने भरते आणि पेटताना भडका तोंडावर येतो. मध्येच जाळ विझला, तर गॅस बंद करून पाच मिनिटे थांबावे. तापलेल्या भिंतीने गॅस आपोआप पेटेल, असे समजून कॉक उघडा ठेवू नये.

जाळाचा आवाज ऐकायला शिकावे. नीट चाललेली भट्टी सारखी घुमते. बर्नरच्या टोकाशी जाळ निळा असतो. पिवळा, आळशी जाळ दिसला, की हवा कमी आहे. नळीत फट्फट् असा आवाज झाला, तर जाळ मागे सरकतो आहे. दाब फार कमी ठेवला, की असे होते. लगेच गॅस बंद करावा. लोखंडावर काळा पापुद्रा फार धरू लागला, तर हवा जास्त होते आहे.

ताशी अर्धा ते एक किलो गॅस जळतो. म्हणजे १९ किलोच्या टाकीवर साधारण एकोणीस ते अडतीस तास काम होते. मात्र तास-दोन तास सारखी भट्टी चालली, की टाकी गार पडते आणि बाहेरून तिला घाम येतो. माठातले पाणी वाफ होताना माठ गार करते ना, तसाच टाकीतला पातळ गॅस वायू होताना टाकी गार करतो. मग दाब उतरतो. अशा वेळी टाकी शेकायची नाही, गरम पाणी ओतायचे नाही. थोडी विश्रांती द्यावी. तेवढ्यात विळ्यांच्या मुठी बसवून होतात.

कोळशाची भट्टी मोडायची का? आम्ही म्हणू, मोडू नका. बैलगाडीच्या चाकाची धाव, वाकडी मोठी कुदळ, नांगराचा जड फाळ ही कामे सहा इंचांच्या तोंडात शिरत नाहीत. पहारीचा मधलाच चार बोटे भाग तापवायचा असेल, तर कोळसाच बरा. पण विळे, खुरपी, कोयते, सुऱ्या, छिन्न्या यांना गॅस चांगला. कोळशात पाते पुरलेले असते, ते दिसत नाही. गिऱ्हाइकाशी दोन शब्द बोलेपर्यंत टोक जळून ठिणग्या उडतात. गॅसभट्टीत पाते डोळ्यांसमोर असते. डाळिंबी लाल, मग नारिंगी, मग पिवळे, सगळे रंग दिसतात.

पाणी देण्याच्या कामी तर याचा फार उपयोग होतो. मोटारीच्या पाट्याचा विळा केला असेल, तर तो लाल झाल्यावर लोहचुंबकाला लावून पाहावा. जुन्या रेडिओच्या भोंग्यात चुंबक मिळतो, तो खुंटीला टांगून ठेवावा. लोखंड सुमारे ७७० अंशांना तापले, की चुंबक त्याला ओढत नाही. ओढायचे थांबल्यावर आणखी थोडे तापवावे आणि मग तेलात बुडवावे. पाट्याचे पोलाद पाण्यात बुडवले, तर बहुधा चिरते. नंतर ते घासून चकचकीत करून मंद शेकावे. पात्यावर वाळल्या गवताचा पिवळा रंग चढला, की पुरे.

काम संपल्यावर आधी टाकीचा कॉक बंद करावा. नळीत राहिलेला गॅस जळून जाऊ द्यावा. जाळ आपोआप विझला, की मग बर्नरचा कॉक बंद करावा. या भट्टीत राख नाही, निखारा नाही, त्यामुळे ती लवकर थंड झाल्यासारखी दिसते. पण भिंती पुष्कळ वेळ तापलेल्या असतात. पोरांना तिच्याजवळ जाऊ देऊ नये. सकाळी आत दिवा धरून अस्तर पाहावे. चीर दिसली, तर तेथे भट्टीचे सिमेंट भरावे, आणि ते वाळेपर्यंत त्या दिवशी कोळशावर काम करावे.